दहा मिनिटं चालतं आणि दम तोडतं: आऊटबोर्ड इंजिनचा हा बिघाड कुठे शोधायचा

बोटीच्या मागे टांगलेलं आऊटबोर्ड इंजिन काठावर दोरीच्या पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होतं, आवाजही ठणठणीत. जलाशयाच्या मधोमध पोचेपर्यंत सगळं ठीक. मग पूर्ण थ्रॉटलला असताना आवाज बसतो, इंजिन आचके देतं आणि थांबतं. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेवढाच वेळ चालतं आणि पुन्हा बंद. नागपूरकडे खिंडसी असो, नवेगाव खैरी असो की गोसेखुर्दचं बॅकवॉटर, बोट चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. आणि पहिला पाना पडतो तो कार्ब्युरेटरवर. तो खोलून, धुऊन, बसवून होतो आणि दुसऱ्या दिवशी इंजिन त्याच जागी बंद पडतं.

कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी उघडा. जे इंजिन काही वेळ पूर्ण ताकदीने चालतं, त्याचे जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) बहुधा साफ असतात आणि काँप्रेशनही शाबूत असतं. त्याला एकतर लागेल तेवढं पेट्रोल मिळत नाही, नाहीतर गरम झाल्यावर काहीतरी साथ सोडतं. म्हणून शोध टाकीपासून सुरू करायचा आणि इंजिनकडे सरकायचं. उलट दिशेने गेलात की चांगले भाग उगाच खोलले जातात, गॅस्केट फाटतात आणि मूळ दोष टाकीतच राहतो.

बंद पडतं त्या क्षणी बल्ब हातात घ्या

टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या पाईपवरचा रबरी बल्ब फक्त सुरुवातीला पेट्रोल भरण्यासाठी नसतो. या तक्रारीत तेच तुमचं सगळ्यात चांगलं मोजमापाचं साधन आहे. मात्र तो इंजिन आचके देत असतानाच तपासावा लागतो, काठावर येऊन नाही. म्हणून बोटीत दोघं हवेत: एक टिलरवर (इंजिन वळवायच्या दांड्यावर), एक बल्बपाशी.

इंजिन मंदावायला लागलं की बल्बला हात लावा. तो चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. बल्ब गोल आहे पण मऊ आहे, कितीही दाबला तरी टणक होत नाही, तर कुठूनतरी हवा शिरतेय किंवा बल्बच्या आतली झडप गेली आहे. दाबत राहिलं की इंजिन लगेच सावरतं आणि दाबणं सोडलं की पुन्हा पडतं, असं असेल तर इंजिनवरचा फ्युएल पंप कमी पडतोय किंवा त्याला चढण झेपत नाही. आणि बल्ब टणक असूनही इंजिन मरत असेल, तर पेट्रोल कार्ब्युरेटरच्या दारापर्यंत पोचतंय. मग पुढचा संशय थंडावा, ठिणगी किंवा कार्ब्युरेटर यांच्यावर घ्यायचा.

दुसरी खात्रीची युक्ती म्हणजे टाकी बदलून पाहणं. ज्या बोटीचं इंजिन नीट चालतंय तिची टाकी पाईपासकट आपल्या इंजिनला लावा. कनेक्टर त्याच मेकचा हवा. तक्रार गेली तर तुमचं इंजिन निर्दोष आहे, दोष टाकी, पाईप, बल्ब किंवा कनेक्टरमध्ये. ही चाचणी अर्ध्या तासात होते आणि बऱ्याचदा तिथेच निकाल लागतो.

टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू

हँड-कॅरी टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. गाडीतून नेताना तो बंद करतात आणि पाण्यात उतरल्यावर उघडायचा राहून जातो, किंवा अर्धाच उघडतो. 40 एचपीचं दोन-स्ट्रोक इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला 15 ते 20 लिटर पेट्रोल पितं. जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत आली नाही, तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. आयडलला खर्च इतका कमी असतो की हा दोष दिसतच नाही; म्हणून काठावर चाचणी घेऊन काही कळत नाही.

टाकी तोंडोतोंड भरलेली असेल तर इंजिन लवकर बंद पडतं, अर्धी असेल तर उशिरा, ही या दोषाची पक्की खूण. भरलेल्या टाकीत हवा थोडी असते, त्यामुळे थोडं पेट्रोल गेलं तरी दाब झपाट्याने उतरतो. झाकण सैल केल्यावर 'सुस्स' आवाज येऊन हवा आत गेली तर निदान झालं. स्क्रू पूर्ण उघडा. तरीही हवा जात नसेल तर झाकण काढून त्याचं भोक धुवा. चिखलमाशीचं घर किंवा सुकलेलं ऑईल तिथे हमखास सापडतं. उन्हात बंद स्क्रूची टाकी ठेवली तर उलटं होतं: वाफेचा दाब पेट्रोल इंजिनकडे ढकलतो, कार्ब्युरेटर ओसंडतो आणि प्लग ओले होतात. म्हणून कनेक्टर लावण्याआधी झाकण हळूच सैल करून दाब सोडावा.

टाकीतली नळी आणि तिच्या टोकाची जाळीही याच वेळी बाहेर काढा. तळाशी चिकट तपकिरी थर असेल तर जाळी त्यानेच बुजते. इंजिन चालताना थर ओढला जाऊन जाळीला चिकटतो, थांबलं की सुटून खाली बसतो. म्हणून तर विश्रांतीनंतर इंजिन सुरू होतं.

हवा शिरते, पण पेट्रोल गळत नाही

पाईप आणि कनेक्टर बाहेरून कोरडे दिसतात, म्हणून ते ठीक आहेत असं समजलं जातं. इथेच फसगत होते. चालू इंजिनात पाईपमध्ये ओढ असते, दाब नसतो; त्यामुळे फटीतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गळती पाहायची असेल तर इंजिन बंद ठेवून बल्ब टणक होईपर्यंत दाबा आणि प्रत्येक जोडावर कोरडं फडकं फिरवा. बल्ब काही मिनिटं टणक राहायला हवा. लगेच ढिला पडत असेल तर जोड, झडप किंवा कार्ब्युरेटरची सुई यांपैकी काहीतरी दाब सोडतंय.

सगळ्यात जास्त दोष इंजिनकडच्या कनेक्टरमधल्या ओ-रिंगमध्ये निघतो. नागपूरच्या उन्हाळ्यात इंजिन पत्र्याच्या शेडमध्ये पडून असतं आणि ती रिंग सुकून तिला भेगा जातात. नळाच्या दुकानातली रिंग घालू नका. पेट्रोलमध्ये ती फुगते आणि कनेक्टर बसतच नाही. पेट्रोल सहन करणारी, व्हिटॉनची रिंग मागा. जोडांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा बारीक तार गुंडाळलेली असेल तर काढून स्टेनलेसच्या क्लिपा लावा. पाईप बहुतेक इंजिनांना आतून 8 मिमीचा लागतो, लहान इंजिनांना 6 मिमीचा. बारीक पाईप घातला की पूर्ण थ्रॉटलला उपासमार ठरलेली.

बुडबुडे डोळ्यांनी पाहायचे असतील तर कनेक्टर आणि पंपाच्या मध्ये फूटभर पारदर्शक, पेट्रोलचा पाईप तात्पुरता जोडा. चालू इंजिनात एखाददुसरा बुडबुडा चालतो. बुडबुड्यांची माळ लागली की हवा शिरतेय. तपासणी झाली की तो पाईप काढून टाका, कायमचा ठेवू नका, तो उन्हात कडक होऊन तडकतो.

जुन्या पाईपचा एक दोष बाहेरून कधीच दिसत नाही. आतलं अस्तर सुटतं आणि ओढ वाढली की त्याची पापुद्र्यासारखी झडप पाईप बंद करते. पाईप वाकवून पाहिला तर ठीक वाटतो, फुंकर मारली तरी हवा जाते. पाच-सहा वर्षांचा पाईप असेल आणि त्यातून आता इथेनॉलमिश्रित पेट्रोल जात असेल, तर तपासत बसू नका, बदला. बल्बवरचा बाण इंजिनकडे असायला हवा, हेही बसवताना पाहा.

पेट्रोल स्वतःच दोषी असेल तर

पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, नेमके नळीच्या तोंडाशी. दोन-स्ट्रोक इंजिनला हे जास्त घातक, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑईल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं आणि खालच्या थरावर चालणाऱ्या इंजिनला वंगण मिळत नाही. इंजिन आचके देत असूनही ओढत नेलं तर पिस्टन घासतो.

टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढा आणि सावलीत अर्धा तास ठेवा. एकजीव राहिलं तर ठीक. खाली वेगळा, किंचित गढूळ थर दिसला तर ती टाकी पूर्ण रिकामी करा, वर ताजं पेट्रोल ओतून भागत नाही. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे पाहायचं असेल तर मापाच्या नळकांड्यात 100 मिली पेट्रोल आणि 10 मिली पाणी घालून हलवा. खालचा थर 10 मिलीऐवजी 30 मिलीच्या आसपास दिसला तर जवळपास 20 टक्के इथेनॉल आहे. ही चाचणी साध्या पेट्रोलवरच करा, ऑईल मिसळलेल्यावर थराची रेघ नीट उमटत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑईल अंदाजाने घालू नका. बऱ्याच दोन-स्ट्रोक आऊटबोर्डना रनिंग-इन (नव्या इंजिनचे सुरुवातीचे तास) संपल्यावर 50:1 चालतं, म्हणजे 10 लिटरला 200 मिली आणि 24 लिटरच्या टाकीला 480 मिली. रनिंग-इनमध्ये 25:1, म्हणजे 10 लिटरला 400 मिली. आपल्या मॉडेलचं पुस्तक वेगळं सांगत असेल तर तेच प्रमाण. ऑईल टीसी-डब्ल्यू3 दर्जाचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोकसाठीचं हवं. मोटरसायकलचं टू-टी हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. जास्त ऑईल घातलं की इंजिन जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा आहे. प्लग काजळतात आणि तेवढंच पेट्रोल कमी जातं.

मे महिन्यातली वाफ

नागपुरात पारा 45 च्या वर गेल्यावर एक वेगळीच तक्रार सुरू होते. सकाळी सातला इंजिन उत्तम चालतं आणि दुपारी बाराला तेच इंजिन तेच पेट्रोल घेऊन बंद पडतं. काळी रबरी बोट, तिच्यात उन्हात तापलेली टाकी आणि काळा पाईप. पेट्रोलमधले हलके घटक पाईपातच उकळतात आणि पंपाला द्रवाऐवजी वाफ मिळते. बल्ब हाताला गरम आणि मऊ लागतो. इंजिन दहा मिनिटं बंद ठेवून सुरू करायला गेलात की आणखी त्रास, कारण बंद इंजिनाची उष्णता झाकणाखाली कोंडून पंपातलं पेट्रोलही उकळते.

उपाय सोपा आहे. टाकीवर ओलं पोतं टाका, हवेच्या स्क्रूवर पाणी ठिबकणार नाही एवढं पाहा. पाईप बोटीच्या सावलीच्या बाजूने फिरवा, जास्तीची लांबी वेटोळं करून उन्हात ठेवू नका. इंजिन बंद केल्यावर त्याचं वरचं झाकण काढून वाफ जाऊ द्या, बल्ब टणक करा, मग सुरू करा. झाकण काढून बोट चालवायची मात्र नाही. फ्लायव्हील उघडं राहतं.

पाण्याची धार

इंजिनच्या मागून पडणारी बारीक धार सलग आणि जोमदार असायला हवी. ती तुटक झाली, वाफाळली किंवा थांबली तर इंजिन त्याच क्षणी बंद करा. गरम होऊन बंद पडलेल्या इंजिनची दोरी ओढताना जड लागते. पेट्रोलअभावी बंद पडलेल्याची लागत नाही. या एका फरकावरून अर्धं निदान होतं. ज्या मॉडेलमध्ये तापमानाची सूचना असते, त्यात इंजिन बंद न पडता आरपीएम आपोआप उतरतात आणि थ्रॉटल दिला तरी चढत नाहीत.

आपल्याकडे धार थांबण्याची कारणं समुद्रापेक्षा वेगळी. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसेखुर्दच्या साठ्यात जातं, त्यावर जलपर्णी माजते. तिची मुळं पाणी घेणाऱ्या जाळीवर गुंडाळली की इंजिन थंड होणं थांबतं. इंजिन बंद करून टिल्ट करा, जाळी हाताने साफ करा; रिव्हर्स देऊन झटकायच्या नादात मुळं पंख्यावर (प्रोपेलरवर) आणखी आवळतात. मुळं नसतील तर धारेच्या भोकात नायलॉनचा जाड तंगूस घालून पाहा. अनेकदा फक्त तिथेच गाळ अडकलेला असतो आणि आत पाणी नीट फिरत असतं.

तरीही धार नाही, तर इम्पेलर, म्हणजे पाण्याच्या पंपातलं रबरी चाक. उथळ गढूळ पाण्यात त्याची रबरी पाती आणि घर दोन्ही घासतात, म्हणून वर्षातून एकदा, गाळात काम जास्त असेल तर त्याआधी बदलायचा. खालचा गिअरकेस उतरवताना गिअरची सळई आधी सोडवा. जुन्या इम्पेलरचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो वर पाण्याच्या नळीत बसलेला असतो आणि नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापतं. नवा बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, आणि ड्राइव्हशाफ्ट वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरवत घर खाली दाबा, म्हणजे सगळी पाती एका बाजूला वळतात. शाफ्टवर इम्पेलर अडकवणारी छोटी चावी पडू देऊ नका. थर्मोस्टॅट तपासायचा तर पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर ठेवून गरम करा. बऱ्याच मॉडेलमध्ये तो 50 अंशांच्या आसपास उघडायला लागतो.

गरम झाल्यावर ठिणगी जाणं

बल्ब टणक, धार चांगली, तरी इंजिन चावी फिरवल्यासारखं एकदम बंद पडत असेल तर इग्निशन. पेट्रोल संपत आलेलं इंजिन आचके देत मरतं. ठिणगी गेलेलं एका झटक्यात. दोन सिलिंडरपैकी एकाची ठिणगी गेली तर इंजिन चालतं, पण थरथरतं आणि ताकद अर्धी होते.

ही चाचणीही बंद पडल्याबरोबरच, गरम असताना घ्यायची. पाईपचा कनेक्टर काढा, आसपास सांडलेलं पेट्रोल पुसा, स्पार्क टेस्टर ब्लॉकला नीट पकडवून दोरी ओढा. प्लगची कॅप मोकळी हवेत ठेवून दोरी ओढलीत तर सीडीआय (ठिणगी घडवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) जळू शकतं. गरम असताना ठिणगी नाही आणि वीस मिनिटांनी आहे, तर कॉइल, सीडीआय किंवा स्टेटर (फ्लायव्हीलखालची वीज बनवणारी वेटोळी). त्याआधी किल स्विचची (इंजिन बंद करायच्या बटणाची) वायर पाहा. झाकणाच्या कडेला घासून तिचं आवरण गेलेलं असतं आणि कंपनाने ती अर्थ होते. कॉइल थंड असताना मीटरने मोजून उपयोग नाही, हेअर ड्रायरने गरम करून मोजा.

प्लग बदलताना बाहेरच्या आकड्यांकडे लक्ष द्या. बी7एचएसची फट साधारण 0.6 मिमी, बी8एचएस-10 ची 1.0 मिमी. दोन्ही आट्यात सारखेच बसतात, म्हणून दुकानदार एकाच्या जागी दुसरा देतो.

आता कार्ब्युरेटर उघडायला हरकत नाही. बाऊलचा स्क्रू काढून आधी आतलं पेट्रोल पांढऱ्या वाटीत घ्या. पाण्याचे मणी किंवा गंज दिसला तर मागे टाकीकडे पुन्हा जावं लागेल. जेटमध्ये तार घालू नका, क्लीनर आणि हवेने साफ करा. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटर उंचीवर आहे, उंचीसाठी जेट बदलण्याची गरज नाही. फ्युएल पंपाचा पडदा कडक झालेला किंवा उजेडाकडे धरल्यावर भोक दिसणारा असेल तर किट बदला.

इंजिनचा आवाज चढतो पण बोट सरकत नाही, ही तक्रार 'ताकद जाते' म्हणूनच सांगितली जाते, पण तो पंख्याच्या आतल्या रबरी हबचा दोष असतो. हब आणि पंख्याच्या कडेवर खडूने एक सरळ रेघ मारून फेरी मारा. रेघ तुटली तर हब घसरतोय. पंखा काढलाच आहे तर मागे गुंडाळलेल्या जाळ्याचा तंगूस पाहा. तो सील कापतो आणि गिअर ऑईलमध्ये पाणी जातं. ऑईल दुधट दिसलं तर सील बदला, मगच नवं एसएई 90 खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा.

पडून राहणारी इंजिनं

पर्यटनाच्या बोटींपेक्षा पूरबचावाच्या बोटींना हा आजार जास्त जडतो, कारण त्या वर्षातले बहुतेक महिने उभ्याच असतात. 22-23 सप्टेंबर 2023 च्या रात्री नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तशा रात्री इंजिन पाच मिनिटांत चालू व्हायला हवं. त्यासाठी ते पेट्रोल भरून ठेवायचं नसतं. काम संपल्यावर, विशेषतः नाल्याच्या गाळपाण्यातून आल्यावर, स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये पंखा काढून दहा मिनिटं चालवा. पाणी पंख्यावरच्या पट्टीच्या वर हवं. शेवटी कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो, आणि उरलेलं बाऊलच्या स्क्रूतून काढा. प्लगच्या भोकात थोडं ऑईल सोडून दोरी तीन-चारदा हळू ओढा. इंजिन उभंच ठेवा.

टाकीतलं ऑईल न मिसळलेलं पेट्रोल महिन्याच्या आत गाडीत वापरून टाका आणि टाकी कोरडी, सावलीत ठेवा. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरा दिवसांनी ताज्या पेट्रोलवर ड्रममध्ये दहा मिनिटं चालवून पुन्हा कार्ब्युरेटर रिकामा करायचा. आऊटबोर्डचे सुटे भाग ऐन वेळी शहरात मिळतीलच असं नाही, तेव्हा जूनच्या आधी एका डब्यात प्लगचा जोड, कनेक्टरच्या दोन ओ-रिंगा, बल्बसकट जोडलेला अख्खा पाईप, इम्पेलर किट, शिअर पिन आणि कॉटर पिन, चार क्लिपा, प्लगपाना आणि सुरू करायची जादा दोरी भरून ठेवा. तो डबा गोदामात नाही, बोटीतच, वल्ह्यांच्या शेजारी बांधलेला हवा.